बँड बसवल्यानंतरचे पहिले वर्ष : सीमाभागातील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

वजन घटवण्यासाठी पोटाला बँड बसवण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. पोटावर चार-पाच लहान छेद राहतात आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात. एवढ्या लवकर सुटका झाल्यामुळे अवघड भाग संपला असे घरच्यांना वाटते. मात्र बँडचे खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि ते रुग्ण, घरचे स्वयंपाकघर आणि बँड घट्ट-सैल करणारा डॉक्टर या सर्वांना मिळून वर्षानुवर्षे करावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पुष्कळ रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर, मिरज, पुणे, गोवा, हुबळी किंवा बंगळूर गाठतात आणि टाके पुरते सुकण्याआधीच गावी येतात. शस्त्रक्रिया एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि जवळचा दवाखाना तिसऱ्याच गावात, अशी त्यांची स्थिती असते. आहाराचा सल्ला देताना असे रुग्ण मला नेहमी भेटतात आणि त्यांना जे पुन्हापुन्हा सांगावे लागते ते येथे एकत्र मांडत आहे. आपल्या शल्यचिकित्सकाने काही वेगळे सांगितले असेल तर त्याचेच ऐकावे, कारण तुमचे पोट त्याने पाहिलेले आहे.

बँड काय करतो आणि काय करत नाही

बँड म्हणजे सिलिकॉनचे एक कडे. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली, जठराच्या वरच्या टोकाभोवती ते बसवतात, त्यामुळे कड्याच्या वर साधारण १५ ते ३० मिलीलीटर मावेल एवढी लहान पिशवी तयार होते. कड्याच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो आणि तो बारीक नळीने कातडीखाली, पोटाच्या स्नायूवर टाचलेल्या पोर्टला, म्हणजे सलाइन भरण्याच्या लहान डबीला, जोडलेला असतो. पोर्टमध्ये सुईने सलाइन भरले की कडे आवळते आणि काढले की सैल होते. जठर किंवा आतडे कापलेले नसते, आणि अन्नातील सत्त्व अंगी लागण्याची क्रिया पूर्वीसारखीच चालते. म्हणून बँडने वजन सावकाश उतरते. सगळे नीट चालले तर आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चांगली गती समजावी. नात्यातील कोणाची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याची) किंवा बायपास (अन्नाची वाट आतड्याकडे वळवण्याची) शस्त्रक्रिया झालेली असेल आणि त्यांचे वजन झपाट्याने उतरले असेल, तर त्यांच्या आकड्यांशी आपली तुलना करू नये.

घट्ट अन्न कड्यापाशी थांबते, वरची पिशवी ताणली जाते आणि थोडक्यात पोट भरल्यासारखे वाटते. पातळ किंवा तोंडात विरघळणारे अन्न मात्र न थांबता खाली उतरते. म्हणजे नीट न चावलेली ज्वारीची भाकरी अडेल आणि बेळगावचा कुंदा विनासायास जाईल. बँडला चांगले-वाईट कळत नाही. उलट ज्या पदार्थांनी वजन वाढते त्यांनाच तो वाट मोकळी ठेवतो. पुढे दिलेले बहुतेक सगळे नियम याच एका गोष्टीतून आले आहेत, त्यामुळे ती घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेही समजून घेतलेली बरी.

दवाखाना सोडण्यापूर्वी

डिस्चार्ज कार्ड मिळते, पण ते वाचून बँडविषयी काही कळेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचा वेगळा कागद लिहून घ्यावा. त्यात बँड कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, त्यात जास्तीत जास्त किती मिलीलीटर मावते (प्रकारानुसार हे माप ४ ते १४ मिलीलीटर असते), सध्या किती भरलेले आहे, पोर्ट पोटाच्या कोणत्या बाजूला आहे आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, एवढे असावे. मूळ कागद इंग्रजीत असतो, पण आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णवाहिकेत भेटणारी माणसे बहुधा कन्नड बोलणारी असतात. त्यामुळे 'जठराला बँड बसवलेला आहे' हे एक वाक्य कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात त्यावर लिहून ठेवावे आणि कागदाचा फोटो घरातील दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असावा.

दुसरा प्रश्न आवर्जून विचारावा : आमच्या गावापासून सर्वात जवळ बँड सैल करू शकणारा डॉक्टर कोण? गेल्या काही वर्षांत स्लीव्ह शस्त्रक्रियेने बँडची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे आणि बँड हाताळण्याचा सराव असलेले डॉक्टर सगळीकडे सापडत नाहीत. पोर्टमध्ये 'ह्यूबर' नावाची विशिष्ट सुई घालावी लागते. तिच्या टोकाची रचना अशी असते की पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा निघत नाही. इंजेक्शनची नेहमीची सुई घातली तर त्या पडद्याला कायमचे भोक पडून सलाइन गळू शकते, म्हणून गल्लीतील ओळखीच्या डॉक्टरांना सोय म्हणून पोर्ट टोचू देऊ नये. बेळगाव आणि हुबळीच्या मोठ्या रुग्णालयांतील शल्यचिकित्सा विभागांत आधीच चौकशी करून ठेवलेली असली, तर रात्री-अपरात्री धावाधाव होत नाही.

घरी येण्याचा प्रवास लांबचा असेल तर दर तास-दीड तासाने गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि एकाच जागी पाय लोंबकळत ठेवून बसल्याने तो वाढतो. चोर्ला घाटासारख्या वळणाच्या रस्त्याने यायचे असेल आणि गाडी लागण्याची सवय असेल, तर उलटीवरचे औषध आधीच मागून घ्यावे. ताज्या बँडवर उलटीचा ताण येणे चांगले नाही, त्याने बँड जागेवरून सरकू शकतो.

पहिले काही आठवडे

शस्त्रक्रियेच्या दिवशीच चालायला लावतात. तो क्रम घरी मोडू नये. सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे पुरतात. खानापूरकडचा पाऊस लागला असेल तर पडवीत किंवा माडीवर येरझाऱ्या घालाव्यात. बेळगावात राहणाऱ्यांना टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोसारखी सपाट, झाडांची जागा आहे, तिचा उपयोग करावा. चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. पाण्याची भरलेली घागर, गॅसची टाकी, शेतातील पोते आणि कडेवर बसायला आलेले नातवंड या सगळ्यांना हा नियम लागू आहे, आणि शेवटच्या बाबतीत तो सर्वात जास्त मोडला जातो. झोपेची किंवा गुंगी आणणारी वेदनाशामके सुरू असेपर्यंत दुचाकी किंवा गाडी चालवू नये.

छेदांच्या जागा कोरड्या ठेवाव्यात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अंगावर पाणी घेऊन स्नान करावे, पण विहिरीत, नदीत किंवा तलावात उतरू नये. जखमेवर हळद, राख किंवा कसलाही लेप लावू नये. पोर्टच्या जागेची जखम बाकीच्यांपेक्षा मोठी असते आणि तिथे थोडे जास्त दुखते, ते साहजिक आहे. मात्र ती जागा लाल, गरम झाली किंवा तिथून पू येऊ लागला तर त्याच दिवशी दाखवावे, कारण पोर्टचा संसर्ग कधीकधी आत बँडपाशी चाललेल्या बिघाडाची पहिली खूण असतो.

औषधांबाबत एक सक्त सूचना आहे. अंग दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. बँड असलेल्या माणसाने ती सोडावी, कारण या गोळ्यांनी जठराला व्रण पडतात आणि बँड जठराच्या भिंतीत रुतण्याचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. मोठ्या गोळ्या अडकतात, म्हणून पातळ औषध किंवा चघळण्याची गोळी मिळते का ते विचारावे. सरसकट सगळ्या गोळ्या कुटून घेऊ नयेत, कारण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर खाणे घटल्याबरोबर त्यांची मात्रा जास्त ठरू शकते. घरी साखर मोजून आकडे लिहून ठेवावेत आणि मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी.

निपाणी भागात तंबाखू हे पुष्कळ घरांचे पोट भरणारे पीक आहे, हे ठाऊक असूनही सांगतो की बिडी, सिगारेट, तंबाखू आणि बायकांची मिश्री हे सगळे बंद झालेच पाहिजे. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि जठराला व्रण पडतात.

पातळापासून भाकरीपर्यंत

आहाराचे टप्पे दवाखान्यागणिक थोडे वेगळे असतात. सर्वसाधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ, तिसरा-चौथा आठवडा घोटलेले अन्न, पाचवा-सहावा आठवडा मऊ अन्न आणि त्यानंतर नेहमीचे जेवण असा क्रम असतो. भूक लागली किंवा बरे वाटते म्हणून टप्पा गाळू नये. या काळात बँडभोवती भरलेल्या जखमेच्या वणासारखे घट्ट आवरण तयार होऊन तो जागेवर स्थिर होत असतो.

पहिले एक-दोन दिवस फक्त पाणी, शहाळ्याचे पाणी आणि डाळीचे किंवा मुगाच्या कढणाचे गाळलेले पाणी घ्यावे. लहान स्टीलच्या कपात साधारण ३० मिलीलीटर घेऊन ते दहा-पंधरा मिनिटांत घोट-घोट संपवावे. पुढे साय काढलेले दूध, पातळ ताक, गाळलेली नाचणीची आंबील आणि चिकनचे गाळलेले, तिखट नसलेले सूप चालते. दिवसभरात सगळे मिळून दीड लिटर द्रव पोटात जायला हवे, आणि एका वेळी इतके कमी जात असल्यामुळे कप सतत हाताशी ठेवल्याशिवाय ते जमत नाही. सोडा, कोल्ड्रिंक्स आणि बाटलीबंद फेसाळ पेये नेहमीसाठी बंद करावीत. स्ट्रॉने पिऊ नये, हवा पोटात जाते. चिकोडी-निपाणीकडे रस्त्यारस्त्यावर उसाचा रस मिळतो. तो पातळ आहे म्हणून चालेल असे समजू नये, तो निव्वळ साखर आहे.

घोटलेल्या अन्नात मुगाची डाळ, दही, मिक्सरमधून काढलेले पनीर, कुस्करलेला लाल भोपळा, तांदळाची किंवा पोह्यांची पेज येते. एका वेळी चार ते सहा मोठे चमचे पुरतात. मऊ अन्नात उकडलेले अंडे, सांबारात भिजवलेली इडली, ओलसर उप्पीट, मुगाची सैलसर खिचडी आणि काटे काढलेला वाफवलेला मासा घ्यावा. कारवार-गोव्याकडून येणारा ताजा मासा बेळगावच्या बाजारात मिळतो. या दिवसांत मटणापेक्षा तो कितीतरी बरा. भाकरी आमटीत कुस्करून खायलाही हरकत नाही.

नेहमीच्या जेवणावर आल्यावर मात्र कुस्करण्याची ही सवय सोडावी लागते, आणि इथे पुष्कळांची गाडी अडते. आमटीत भिजवलेले अन्न बँडमधून धुऊन खाली जाते, पिशवी भरत नाही आणि दोन तासांत परत भूक लागते. तेव्हा आता भाकरीचा वाटाण्याएवढा तुकडा घ्यावा, तो वीस-पंचवीस वेळा चावावा, गिळल्यावर चमचा किंवा हात खाली ठेवावा आणि मग पुढचा घास घ्यावा. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवावे. त्याहून जास्त वेळ रेंगाळत राहिले तर पिशवी खालून रिकामी होत जाते आणि नकळत जास्त खाल्ले जाते. जेवताना पाणी, ताक किंवा मठ्ठा घेऊ नये आणि जेवणानंतर निदान अर्धा तास थांबावे. ताटातील तांब्या-फुलपात्र बाजूला ठेवणे आपल्याकडच्या माणसाला फार चमत्कारिक वाटते, पण बँडचा सगळा परिणाम या एका सवयीवर अवलंबून आहे असे म्हटले तरी चालेल.

घासांचा क्रमही ठरलेला असावा : आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी किंवा भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ७ ते ८ ग्रॅम आणि शिजलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शाकाहारी लिंगायत आणि जैन घरांत हा हिशेब जुळवायला जरा कष्ट पडतात. तिथे सोयाबीनच्या वड्यांचे तुकडे बारीक करून, पनीर, घट्ट दही आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून प्रथिनांची पावडर वापरावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांना एक मोठा फायदा असतो. झोपताना पिशवी रिकामी असते आणि आंबट पाणी घशाशी येत नाही. पण सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी दिवसभराचा द्रवाचा हिशेब संध्याकाळपर्यंत पुरा करायला हवा.

अडकणारे पदार्थ माणसागणिक बदलतात, तरी काही नावे सर्वांच्या यादीत असतात : मऊ पाव, तूप लावलेली गरम चपाती, चिकट भात, मटणाचे मोठे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस, सुके खोबरे, अननस, फणस आणि संत्र्याच्या फोडीवरची साल. गोकाकचा करदंट डिंकामुळे चिवट असतो, तोही यांतच धरावा. मटण खायचेच असेल तर खिमा करून खावे. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी करू नये. ती गोळा होऊन बसते. एकादशी-संकष्टी सोडवत नसेल तर दही, दूध, शेंगदाण्याची बारीक आमटी आणि थोडी भगर यांवर दिवस काढावा, मात्र पूर्ण निराहार राहून रात्री एकदम जेवायला बसू नये.

बँड घट्ट करण्याची वेळ

पहिल्यांदा सलाइन भरण्याची वेळ साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते. लोक घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखे फारसे नाही. रुग्णाला उताणे झोपवतात, डोके आणि खांदे किंचित उचलायला सांगतात म्हणजे पोटाचा स्नायू ताठ होऊन पोर्ट बोटांना लागते. कातडी निर्जंतुक करून सुई सरळ खाली घालतात. टोचल्यासारखे होते, मग सुई पोर्टच्या तळाला टेकल्याचा बारीक कट्‌ जाणवतो. आधीचे सलाइन ओढून किती आहे ते पाहतात, कारण लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी निघाले तर कुठेतरी गळती आहे असे समजते. मग ठरलेले सलाइन भरतात आणि रुग्णाला उठवून पाणी प्यायला देतात. पाणी सहज उतरले तरच घरी सोडतात. कधी पोर्ट उलटलेले किंवा हाताला न लागणारे असते, तेव्हा एक्स-रेखाली भरावे लागते.

पाणी पिऊन झाल्याशिवाय आणि निदान तासभर जवळपास थांबल्याशिवाय गावची बस पकडू नये. लांबून येणाऱ्यांना घाई असते, हे खरे आहे, पण घट्ट झालेला बँड घेऊन रात्री घरी पोहोचायचे आणि सकाळी थुंकीही गिळता येत नाही म्हणून परत फिरायचे, यापेक्षा तासभर बसलेले बरे. त्यानंतर एक-दोन दिवस पातळ, मग एक-दोन दिवस मऊ आणि नंतर नेहमीचे जेवण घ्यावे. भरलेल्या मिलीलीटरची नोंद दर वेळी त्या अर्ध्या पानाच्या कागदावर करून घ्यावी.

किती घट्ट असावे, हे रुग्णाच्या बोलण्यावरून ठरते, त्यामुळे डॉक्टरांना खरे सांगणे फार महत्त्वाचे आहे. थोड्या जेवणाने तीन-चार तास समाधान राहत असेल, वजन हळूहळू उतरत असेल आणि बहुतेक पदार्थ नीट चावून खाता येत असतील, तर बँड योग्य मापावर आहे. दोन तासांत भूक लागत असेल आणि ताटभर जेवण जात असेल तर तो सैल आहे. रात्री आडवे झाल्यावर खोकला येणे, आंबट पाणी घशात येणे, वारंवार उलटी होणे आणि भाकरी-भाजी अजिबात न जाता फक्त चहा-बिस्कीट, आइस्क्रीम, बासुंदी यांवर दिवस जाणे, ही बँड जास्त घट्ट झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी वजन थांबले म्हणून आणखी घट्ट करून मागणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मी त्यांना तळमळीने सांगतो की तुमचा बँड सैल करायला हवा. घट्ट अन्न अडते म्हणून माणूस गोड पातळ पदार्थांकडे वळतो, आणि मग बँड पोटात असूनही वजन चढते. शिवाय सतत घट्ट राहिलेल्या बँडने वरची पिशवी आणि अन्ननलिका फुगते, आणि ती पूर्ववत व्हायला बँड रिकामा करून बरेच दिवस थांबावे लागते.

घास अडकला तर

पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते : कोणाला एक उचकी येते, कोणाचे नाक गळू लागते, कोणाला छातीच्या मध्यभागी दाब वाटतो. ती खूण ओळखून त्याच घासाला थांबावे. खानापूर तालुक्यातील एक काकू पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसल्या होत्या. मसालेभाताच्या दुसऱ्या घासाला त्यांचे नाक गळू लागले. "वहिनी, निदान एवढा तरी घ्या," म्हणत वाढप्याने आणखी एक मूद वाढली आणि त्यांनी भिडेखातर घास घेतला. मग छातीत कळ, तोंडात फेसाळ लाळ, आणि दोघी जावांनी हाताला धरून त्यांना मांडवाबाहेर नेले. तिथे कोणीतरी तांब्याभर पाणी आणून दिले. काकूंनी ते घेतले नाही, म्हणून पुढचे निभावले.

घास अडकल्यावर पाणी पिऊ नये. ते घासाच्या वरच साठते आणि कळ वाढते. खाणे थांबवावे, उभे राहावे, सावकाश फिरावे, तोंडात येणारी लाळ थुंकून टाकावी आणि वाट पाहावी. बहुधा घास खाली उतरतो किंवा वर येतो. बोट घालून उलटी काढू नये. त्यानंतर चोवीस तास फक्त पातळ घ्यावे, कारण आतील भाग सुजलेला असतो आणि लगेच जेवले तर दुसरा घासही अडकतो. काही तास उलटूनही थुंकी गिळता येत नसेल तर मात्र दवाखाना गाठून बँड सैल करून घ्यावा.

पंगतीच्या आग्रहावर माझा एकच उपाय आहे. वाढायला सुरुवात होण्याआधीच यजमानांच्या घरातील एका जाणत्या बाईला बाजूला घेऊन शस्त्रक्रियेचे सांगून ठेवावे. मग ती स्वतः वाढप्यांना आवरते. शेवटच्या क्षणी ताटावर हात आडवा धरून उपयोग होत नाही.

तातडीने कधी जावे

पाणीही पोटात टिकत नसेल, पोटात किंवा छातीत असह्य कळ असेल, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला असेल, आडवे असतानाही छातीचे ठोके जोरात पडत असतील, दम लागत असेल, पोटरी दुखून सुजली असेल किंवा उलटीत रक्त, शौचास काळे होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. महिनोन्‌महिने ठीक असलेल्या माणसाला अचानक जळजळ आणि उलट्या सुरू झाल्या तर बँड सरकला असण्याची शक्यता असते आणि साध्या एक्स-रेतही त्याची दिशा बदललेली दिसते. १०८ क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. सीमेलगतच्या गावात फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवर लागला असेल तर गाव, तालुका आणि जिल्हा हे आधी स्पष्ट सांगावे. उलट्या बरेच दिवस चालू असतील तर जीवनसत्त्व बी-१ ची कमतरता होऊन हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, नजर अंधुक होणे असे होऊ शकते. डॉक्टरांना ही शंका बोलून दाखवावी आणि साखरेचे सलाइन लावण्याआधी त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे का, हे विचारावे.

पुढची वर्षे

खाणे कमी झाल्यामुळे रोज चघळण्याची मल्टिव्हिटॅमिनची गोळी लागते. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, जीवनसत्त्व डी आणि कॅल्शियम यांची तपासणी वर्षातून निदान एकदा करावी. शाकाहारी घरांत बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळू लागले तर घाबरू नये. प्रथिने पुरी पडत असतील तर ते काही महिन्यांत थांबते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर सोनोग्राफी करून घ्यावी.

वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे नवविवाहित मुलींनी आणि त्यांच्या सासरच्यांनी शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते अठरा महिने मूल होऊ देण्याची घाई करू नये. नंतर दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत बँडविषयी सांगावे. कोरड्या उलट्या जास्त होत असतील किंवा बाळाची वाढ कमी पडत असेल तर बँड सैल करता येतो, आणि ही बँडची मोठी सोय आहे.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी बँड बसवलेले आणि नंतर कधीच दाखवायला न गेलेले रुग्णही आपल्या भागात आहेत. त्रास नसला तरी त्यांनी एकदा तपासून घ्यावे, कारण बँड जठरात रुतण्याची क्रिया पुष्कळदा दुखल्याशिवाय चालते. भूक अचानक वाढणे किंवा पोर्टची जागा लाल होणे एवढीच तिची खूण असते, आणि ती एंडोस्कोपीत दिसते. पुष्कळांचा बँड पुढे काढावाही लागतो. तो काढला तर भूक परत येते आणि वजन चढू लागते. म्हणून काढण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच पुढे काय करायचे, आहार-औषधांवर राहायचे की काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करायची, हे डॉक्टरांशी बसून ठरवून घ्यावे आणि बँडच्या नोंदींचा तो जुना कागद नव्या डॉक्टरांच्या हाती द्यावा.